पोटखराब्याचें मोल

ज्यानें महसुलाच्या दप्तरांत आयुष्याचीं तीस-बत्तीस वर्षे घालविलीं, त्या मनुष्यास जमिनीकडे पाहण्याची एक विशिष्ट संवय जडते. तो बांधावर उभा असला तरी त्याच्या डोळ्यांपुढें शेत नसतें, उतारा असतो: गट क्रमांक, एकूण क्षेत्र, लागवडीयोग्य किती, पोटखराबा किती, आकार किती. आमचीही स्थिति याहून निराळी नव्हती. ‘पोटखराबा’ हा शब्द आम्हीं आपल्या हातानें किती वेळां लिहिला असेल याची मोजदाद नाहीं. आणि तो लिहितांना ‘खराब’ म्हणजे निरुपयोगी यापलीकडे दुसरा विचार कधीं मनांत आला नाहीं. ओढ्याचा कांठ, खडकाळ टेकाड, बाभळी-हिंवरांचा पट्टा, जेथें नांगर चालत नाहीं तें सर्व या सदरांत जातें व त्यावर आकार बसत नाहीं. सरकारास त्यापासून उत्पन्न नाहीं, अर्थात् शेतकऱ्यासही नाहीं, असा आमचा सरळ हिशेब होता. तो हिशेब चुकला, आणि ती चूक आम्हांस स्वतःच्या शेतांत भोगावी लागली. ती हकीकत पुढें येईलच. परंतु ती नीट ध्यानांत येण्यास परिस्थितिविज्ञान नांवाच्या शास्त्रांतील कांहीं मूळ गोष्टी आधीं सांगणें अवश्य आहे. आमच्या शेतकरी बंधूंनीं नांवास भिऊं नये. विषय त्यांच्याच घरचा आहे.

प्रथम आमच्या खात्यापासूनच आरंभ करूं. मुंबई इलाख्यांत जमिनीची प्रतबंदी ज्या नियमांनीं झाली, ते नियम गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तीन अंमलदारांनीं १८४७ सालच्या संयुक्त अहवालांत एकत्र केले. त्यांनीं मातीच्या तीन जाती मानिल्या. पहिली बारीक व एकसारख्या कणांची, रंगानें काळी ते गडद तपकिरी. दुसरी त्याहून भरड व फिकट, बहुधा तांबूस. तिसरी मुरमाड किंवा भुसभुशीत, करड्या रंगाची. मग खोली पाहावयाची. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे, दीड हात असेल तर चौदा, सव्वा हात तर बारा, एक हात तर दहा. याप्रमाणें उतरत उतरत नऊ प्रती होत व शेवटची प्रत दोन आण्यांची. शिवाय चुनखड, रेती, उतार, पाण्याच्या लोंढ्याखालीं सांपडणें, फाजील ओल असे दोष नोंदवीत व एकेका दोषागणिक जमीन एक प्रत खालीं उतरवीत. काम मोठ्या कसोशीचें होतें. त्या लोकांनीं पहारीनें खोली तपासून, माती हातांत चुरून पाहून लक्षावधि शेतें तपासलीं. आज आम्ही खुर्चीवर बसून त्यांच्या चुका काढाव्या हें शोभत नाहीं.

तथापि त्या कोष्टकांत एक गोष्ट अशी आहे कीं ती वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. हात म्हणजे अठरा इंच, व पाव हात म्हणजे साडेचार इंच. पावणेदोन हात खोल जमिनीवरून साडेचार इंच माती धुपून गेली कीं सोळा आण्यांची जमीन चौदा आण्यांवर आली, असा या कोष्टकाचाच अर्थ आहे. परंतु प्रत एकदां ठरली म्हणजे पुनः खोली पाहण्यास सहसा कोणी येत नाहीं. कागदावर जमीन आजोबांच्या वेळची राहते आणि शेतांत ती नातवाच्या वेळची असते. आम्हीं एकदां फुरसतीच्या वेळीं गणित केलें. एक एकरावरची केवळ एक सेंटीमीटर जाडीची माती चाळीस घनमीटर भरते, व तिचें वजन पन्नास टनांच्या आसपास होतें. बैलगाडींत अर्धा टन धरला तर शंभर गाड्या. वळवाच्या दोन-चार सरींत शंभर गाड्या माती गेली तर आपणांस पत्ताही लागत नाहीं. पण हीच माती कोणी गाड्या जुंपून नेऊं लागला तर आपण फौजदारी करूं! आणि तितकीच माती खडकापासून नव्यानें तयार होण्यास शेंकडों वर्षे लागतात.

दुसरी गोष्ट रंगाची. काळी म्हणजे सकस असें आपण सर्वच धरून चालतों, आणि प्रतबंदी करणाऱ्यांनींही तेंच धरलें. आमच्या दख्खनची काळी माती सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पसरलेल्या लाव्हारसाच्या खडकापासून, म्हणजे काळ्या पाषाणापासून झाली आहे. ओल लागली कीं फुगणारी व सुकली कीं आकसणारी अशी एक अतिसूक्ष्म चिकणमाती तींत पुष्कळ असते. उन्हाळ्यांत भेगा पडतात, वरचीं ढेकळें त्यांत गळतात, पावसांत त्या पुनः मिटतात. म्हणून ही जमीन आपली आपणच नांगरते असें म्हणतात तें खोटें नव्हे. परंतु तिचा काळेपणा हा कुजलेल्या पालापाचोळ्याचा पुरावा नव्हे. तपासून पाहिल्यास आमच्या कोरडवाहू काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब पुष्कळदां शेंकडा अर्ध्याच्याही खालीं निघतो. रंग श्रीमंताचा व खिसा रिकामा, असा हा प्रकार आहे.

आतां हा खिसा कशानें भरतो? १९३५ सालीं टॅन्सले नामक इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें एक शब्द प्रचारांत आणिला. त्यास मराठींत परिसंस्था म्हणतात. एखाद्या जागेंतील वनस्पति, प्राणी, सूक्ष्म जीव आणि त्यांच्या भोंवतालचें ऊन, पाणी, हवा व माती हीं सर्व मिळून एक संस्था होते. त्यांतील कोणतेंही अंग एकटें समजत नाहीं, असा त्याचा आशय. आम्हांस हा शब्द एकत्र कुटुंबाच्या खात्यासारखा वाटतो. कमावणारा कोण, खाणारे किती, आणि खरकटें-केर उचलून पुनः चुलीच्या कामीं लावणारा कोण, हें पाहिल्यावांचून कुटुंबाची खरी स्थिति कळत नाहीं.

शेतांत कमावणारें एकटें हिरवें पान. तें उन्हाच्या जोरावर हवा व पाणी यांचें अन्न करितें. त्यावर उंदीर, टोळ, गाय व मनुष्य जगतात. उंदरावर धामण व गव्हाणी घुबड. प्रत्येक पायरीस बहुतेक भाग जगण्यांतच खर्च होतो व वरच्या पायरीस ढोबळ मानानें दहावा हिस्सा पोंचतो, असें लिंडमन या अमेरिकन अभ्यासकाच्या १९४२ सालच्या निबंधापासून मानितात. जोंधळ्याच्या शिवारांत उंदीर शेंकडों व घुबडाची जोडी एकच असते, तें याच कारणानें. म्हणून उंदीर एक मारला तर त्याची जागा आठवड्यांत भरते. परंतु धामण मारली तर ती जागा लवकर भरत नाहीं. आमच्या गांवांत आजही धामण दिसली कीं काठी शोधतात. तिला विष नाहीं हें सांगून आम्ही थकलों.

आणि केर उचलणारे कोण हें तर ते नाहींसे झाल्याशिवाय कळतच नाहीं. गांवाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागेवर गिधाडांचा थवा उतरे व दुपारच्या आंत हाडें उघडीं पाडी, हें आमच्या पिढीनें लहानपणीं पाहिलें आहे. १९९२ ते २००७ या अवधींत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हिंदुस्थानांत शेंकडा नव्याण्णवांहून अधिक कमी झालीं. ढोरांस दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या ढोराच्या मांसांतून त्यांच्या पोटांत जाऊन मूत्रपिंडें निकामी करितें, हें २००४ सालीं उघड झालें, व २००६ सालीं ढोरांसाठीं तें तयार करण्यास आपल्या सरकारनें बंदी केली. बैलाच्या पायाची सूज उतरविण्यासाठीं दिलेली सुई गिधाडाचा वंश बुडवील, हें कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल.

गिधाडें निदान दिसत तरी होतीं. मातींतील केर उचलणारे डोळ्यांस दिसतही नाहींत. चिमूटभर, म्हणजे एका ग्रॅम चांगल्या मातींत कोट्यवधि जंतु असतात. धसकटें, पालापाचोळा, शेण व मेलेले किडे यांतील अन्न सोडवून मुळांपुढें पुनः वाढून ठेवणें हा यांचा धंदा. बुरशीच्या जातीचे कांहीं तंतु तर पिकाच्या मुळाशीं जोडून घेतात. मूळ जेथें पोंचत नाहीं तेथून स्फुरद व पाणी आणून देतात, आणि मोबदल्यांत पानानें केलेली साखर घेतात. तूर, हरभरा, मटकी यांच्या मुळांवरील गांठी आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. त्या गांठींमुळें पीक हवेंतील नत्र मिळवितें हें हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं दाखविलें, व गांठींतील जंतु बायेरिंक या डच पंडितानें १८८८ सालीं वेगळे करून दाखविले. जोंधळ्यांत तूर मिसळून पेरणारे आमचे पूर्वज हें नांवानें जाणत नव्हते. पण त्यांचें चाललें होतें तें ठीकच होतें.

गांडुळांविषयीं डार्विननें १८८१ सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्लंडांतील कित्येक ठिकाणीं दर एकरीं वर्षास दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून वर येते, असा त्याचा हिशेब होता. हा आंकडा वाचून आपल्याकडील कोणी तसाच्या तसा घेऊं नये. ओल्या, थंड देशांतलें गांडूळ जें काम करितें तें आमच्या कोरड्या मुलुखांत बरेंचसें वाळवी व मुंग्या करितात. वाळवी उसाचें बेणें खाते म्हणून तिच्यावर आपला राग. परंतु वारूळाची माती शेतांत पसरावी असें जुनीं माणसें म्हणत, त्यांतही अर्थ होता.

येथवर एका शेताची गोष्ट झाली. परंतु शेतें ज्या मुलुखांत असतात त्या मुलुखाचाही एक स्वभाव असतो. पाऊस, उष्णता व उंची यांवरून जेथें एकाच धाटणीच्या वनस्पति व प्राणी मोठ्या प्रदेशावर नांदतात, त्या प्रदेशास जीवसंहति म्हणतात: सदाहरित वन, पानझडी वन, गवताळ रान, वाळवंट वगैरे. याची उदाहरणें पाहण्यास भूगोलाचें पुस्तक नको. बदलीचे हुकूम पुरे आहेत! आम्हीं नोकरीनिमित्त सातारा जिल्ह्यांतच तीन निराळे देश पाहिले. महाबळेश्वरीं वर्षास सरासरी साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेंत शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर असलेल्या आमच्या माण तालुक्यांत तो पांचशेंच्या आसपास येऊन थांबतो. डोंगराची भिंत मधें आहे. ढग पश्चिमेस रिते होतात व आमच्या वांट्यास वारा येतो.

महाबळेश्वराकडे रान सदा हिरवें. इतका हिरवा मुलूख म्हणजे माती सोन्याची असली पाहिजे असें आम्हांस पहिल्या वर्षीं वाटलें. तेथील एका वृद्ध गृहस्थांनीं आमची समजूत दूर केली: “भाऊसाहेब, हें सोनें झाडांत आहे, जमिनींत नाहीं. झाड तोडा, दोन पावसाळे जाऊं द्या, मग जांभा बघा.” मुसळधार पावसानें मातींतील क्षार धुऊन जातात व लोखंडाचा तांबडा जांभा मागें राहतो. जी सांठवण आहे ती झाडांच्या अंगांत व गळलेल्या पाल्याच्या पातळ थरांत. साताऱ्याजवळील कासचें पठार, ज्याचा २०१२ सालीं जागतिक वारसास्थळांत समावेश झाला, तेथें तर जांभ्यावर बोटभर माती. ती इतकी निःसत्त्व कीं दवबिंदूसारख्या वनस्पति नत्रासाठीं किडे धरून खातात. लोक तेथें फुलें पाहण्यास जातात. शेतकऱ्यानें गेल्यास ती माती अवश्य चिमटींत घेऊन पाहावी.

वाईकडे कृष्णाकांठीं खोल काळी, हळद व ऊस. पुढें पूर्वेस येतां येतां झाडें खुजीं व कांटेरी होतात, आणि माणांत माळ लागतो. हा माळ म्हणजे तुटलेलें जंगल नव्हे. हें त्याचें मूळचेंच रूप असून तें एवढ्या पावसास साजेसें आहे. पवन्या, मारवेल, कुसळ यांचीं मुळें पातळ मुरमास धरून ठेवितात. त्या गवतावर मेंढरें, मेंढरांमागें लांडगा, आणि मेंढरें रात्रीं आमच्या शेतांत बसविलीं कीं माळाचें गवत लेंडीच्या रूपानें काळींत उतरे. म्हणजे माळ हें शेताचें खतघर होतें. हल्लीं कित्येक माळांवर चर काढून गिरिपुष्प लावितात व त्यास सुधारणा म्हणतात. हेतु चांगला असेल. परंतु त्यांत गवतही गेलें, मेंढकाही गेला, आणि काळीस लेंडी मिळेनाशी झाली. ओसाड दिसतें तें ओसाडच असतें असें नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि ही अक्कल आम्हांस उशिरां आली.

ती कशी आली तें आतां सांगतों. आमच्या गटास ओढ्याच्या बाजूनें अकरा गुंठे पोटखराबा होता. हिंवर, बोरी, निरगुडी, घायपात व गुडघाभर गवत. शेत धाकटे बंधु पाहत. २०१६ च्या उन्हाळ्यांत गांवांत जेसीबी यंत्र आलें होतें; बंधूंनीं विचारलें व आम्हींच सल्ला दिला कीं पट्टा साफ करून शेतांत घ्यावा. वर्ग ‘अ’ चा पोटखराबा लागवडीखालीं आणतां येतो, हें नियमांचें ज्ञान आम्हांस होतेंच! दीड दिवसांत पट्टा सपाट झाला. चार हंगामांत त्या अकरा गुंठ्यांनीं मिळून साडेसहा क्विंटल शाळू दिला. आम्ही संतुष्ट होतों.

आमच्याकडे रब्बीची जमीन पावसाळाभर मोकळी असते. परतीचा पाऊस येतो तो जोराचा येतो, व नेमका उघड्या मातीवर येतो. २०२० च्या ऑक्टोबरांत दक्षिण महाराष्ट्रावर जी अतिवृष्टि झाली, तिच्या दुसऱ्या दिवशीं बंधूंचा फोन आला. आम्ही जाऊन पाहतों तों ओढ्याच्या कांठापासून शेतांत तीस मीटर लांब, तीन मीटर रुंद व कंबरेइतकी खोल घळ पडलेली. हिशेब केला: शंभराहून अधिक टन माती एका रात्रींत गेली. तीही वरवरची नव्हे, जीं मुळें ती धरून होतीं तीं आम्हींच काढलीं होतीं. ती माती खालच्या अंगास असलेल्या बापूंच्या विहिरींत जाऊन बसली. बापू वडिलांच्या बरोबरीचे. ते रागावले असते तर बरें झालें असतें. विहिरीच्या कांठावर उभे राहून ते इतकेंच म्हणाले, “अण्णा, कागदावर ती जागा तुमची होती; पण तिच्यावर माझी विहीर जगत होती.” गाळ काढण्याचा खर्च आम्हीं दिला. घळीचा खर्च कोणास मागणार?

त्याच सुमारास त्या बाजूस उंदरांची बिळें वाढलीं, हेंही नमूद करितों. पट्ट्यांतील जुन्या हिंवराच्या ढोलींत घुबड बसे, तें झाड गेलें. उंदीर केवळ त्यानेंच वाढले असें आम्ही छातीठोकपणें म्हणत नाहीं; पाऊसही त्या वर्षीं चांगला होता. परंतु ज्या अकरा गुंठ्यांस आम्ही बिनआकारी म्हणत होतों, ते पाणी थोपविण्याचें, माती धरण्याचें व पहाऱ्याचें काम बिनपगारी करीत होते, एवढें सिद्ध झालें.

पुढच्या वर्षीं आम्हीं पट्टा पुनः सोडून दिला. घळींत दर पांच पावलांवर दगडांचे सैल बांध घातले, त्यांच्या वरच्या बाजूस वाळा व मारवेलीचीं ठोंबें लाविलीं, कांठावर निरगुडी व करंज. बोरी व बाभळी आपण होऊन आल्या. त्यांस कोणी बोलाविलें नव्हतें. सेवानिवृत्त होऊन घरीं आल्यापासून शेताचे धसकट व गोठ्याचा केर जाळणें आम्हीं बंद केलें आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत बसविलेली खताची पद्धति, म्हणजे केर, शेण व माती थराथरानें रचून ओल व हवा राखून कुजविणें, आमच्याच जातीच्या काळ्या जमिनीवर सिद्ध झालेली आहे. तींत विकत घेण्यासारखें कांहींच नाहीं.

ज्यांस आपल्या मातींत वस्ती किती हें पाहावयाचें असेल त्यांनीं दोन गोष्टी कराव्या. पाऊस लागून पंधरा दिवस झाल्यावर, सकाळच्या वेळीं, एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल खड्डा खणून माती गोणपाटावर पसरावी व जिवंत दिसेल तें मोजावें. एक खड्डा शेताच्या मधोमध घ्यावा, एक बांधाच्या गवतांत. दुसरी गोष्ट ढेंकळाची. सुपारीएवढें वाळलेलें ढेकूळ कांचेच्या पेल्यांत स्वच्छ पाण्यांत अलगद सोडावें. तें बराच वेळ अंग धरून राहिलें तर मातींत डिंक आहे, म्हणजे जीव आहे. झटकन विरघळून खालीं बसलें तर जीव कमी. आणि पाणी गढूळ होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत निवळलेंच नाहीं तर जमीन चोपण होण्याच्या मार्गावर असण्याचा संभव आहे, तेव्हां माती तपासून घ्यावी व पाण्याचा निचरा पाहावा. नीरेच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी आल्यावर जमिनी क्षारानें कशा गेल्या याची चौकशी मॅन व ताम्हाणे यांनीं १९१० सालींच छापली होती. कृष्णाकांठच्या बागाईतदारांनीं ती शंभर वर्षे उलटल्यावर आपल्या शेतांत पुनः अनुभवली आहे.

यंदाच्या आषाढांत आम्हीं असे दोन खड्डे घेतले. शेताच्या मध्यांत गांडुळें दोन निघालीं, व कांहीं मुंग्या. ओढ्याच्या पट्ट्यांत, जेथें पांच वर्षांपूर्वीं नुसता मुरूम उघडा होता, तेथें गांडुळें चौदा, गोम एक, हुमणीचा किडा एक, आणि बारीक पांढऱ्या तंतूंनीं बांधलेला पाला. बापू शेजारीं बसून मोजत होते. त्यांनीं वाळ्याचीं वीस ठोंबें मागितलीं आहेत. श्रावणांत नेणार आहेत.